पुढं मोकळं हाय

आमच्या चर्चमध्ये रविवारी पुढचे तीन बाक हल्ली रिकामे असतात. माणसे कमी झालेली नाहीत, माणसे मागे बसतात. चर्चमध्ये शिरलेला माणूस आधी शेवटचा बाक बघतो, तो भरला असेल तर त्याच्या पुढचा. पाळकसाहेबांच्या मते ही नम्रता आहे. माझ्या मते दार जवळ पडते. पण पंधरा-सोळा वर्षे आमच्या मंडळीत हे चालले नाही, कारण दारात कंडक्टर उभे असत.

"पुढं सरका, पुढं मोकळं हाय. मागं गर्दी करू नका, आजून माणसं चढायची हायेत."

कंडक्टर एसटीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच रविवारी त्यांनी चर्चचे दार धरले. त्यांना कोणी नेमले नव्हते. आमच्याकडे नेमलेले लोक वेगळे असतात, त्यांची नावे वार्षिक अहवालात छापून येतात आणि ते बहुतेक आजारी असतात. कंडक्टर शनिवारी येऊन बाक पुसायचे, जाजम झटकायचे, चिमण्यांनी आठवडाभरात आणलेल्या काड्या काढून टाकायचे, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी दारात हजर. सभासदांच्या रजिस्टरमध्ये त्यांचे नाव होते. ते रजिस्टर मीच लिहीत असे, तरी ते नाव मला आठवावे लागे. लहानथोर सगळे त्यांना कंडक्टर म्हणत. माझ्या वयाचे लोक तोंडावर काका म्हणत.

अंगाने काटकुळे, निवृत्तीनंतरही खाकी पँट (महामंडळाने दिलेल्या चार होत्या, त्या विरेपर्यंत दुसरी शिवायची नाही असा नियम), वर पांढरा शर्ट. डावा हात कोपरात वाकलेला असे, त्यात अजून तिकिटांची पेटी असल्यासारखा. फरशीवरसुद्धा ते पाय फाकवून उभे राहत. इतकी वर्षे खाली जमीन हलत होती, आता थांबली यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता. तिकिटांना भोके पाडायचा चिमटा त्यांनी परत केला नव्हता, किंवा महामंडळाने मागितला नव्हता. कोणी मागच्या बाकावर ठाण मांडून बसले की त्या चिमट्याने ते बाकाच्या दांडीवर टकटक करत. एवढ्याने जिल्हा परिषदेचे माजी सभापतीही उठून पुढे गेलेले मी पाहिले आहेत.

घंटाही त्यांच्याकडेच. उपासना सुरू करायची म्हणजे दोन ठोके, कारण एसटीत दोन घंटा दिल्या की गाडी हलते. एक ठोका म्हणजे थांबा. हा एकेरी ठोका चर्चमध्ये सहसा लागत नसे. पण एका वर्षी शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या हस्ते सहा पंख्यांचे उद्घाटन होते. पाहुणे सुटात होते, महिना मे होता, पंखे बंद होते, कारण उद्घाटन भाषणानंतर होणार होते. पाहुणे त्यागाबद्दल पाऊण तास बोलले. त्यांनी आणखी एक दृष्टान्त सुरू केला आणि मागून एक ठोका पडला. पाहुणे दचकून थांबले. कंडक्टर दोरी सोडून शांतपणे म्हणाले, "एक म्हातारी उतरनार हाय, उन्हानं चक्कर आली."

म्हातारीला खरोखरच चक्कर आली होती. पंखे लावावे लागले.

त्या पंख्यांच्या प्रत्येक पात्यावर दात्याचे नाव लाल रंगात लिहिलेले आहे. थंडीत पंखे बंद असले की उपासनेला आलेल्यांना ते वाचायला मिळते. कंडक्टर थंडीतसुद्धा पंखे एकवर ठेवत. मी एकदा म्हणालो, "काका, लोक कानटोप्या घालून बसलेत."

"सेक्रेटरी, चालू पंख्यावरचं नाव कुनालाच वाचता येत न्हाई. मला चालूच बरा वाटतो."

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि अक्षर बरे म्हणून मंडळीच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी झालो. श्रद्धेच्या बाबतीत माझी हजेरी जेमतेम होती. चर्चला मी आईला घेऊन येत असे आणि गाणी सुरू असेपर्यंत मला बरे वाटे. कंडक्टरांना हे ठाऊक होते. त्यांनी माझ्याशी देवाबद्दल कधी वाद घातला नाही. एकदाच म्हणाले, "तुमचं तुमी बगा. तवर खुर्च्या मांडू लागा." त्या दिवसापासून मी खुर्च्या मांडू लागलो.

बाकांवर किती माणसे आहेत हे त्यांना मोजावे लागत नसे. नजर एकदा आडवी फिरली की कोण चढलेले नाही ते कळे. सोमवारी सकाळी ते त्या माणसाच्या दारात. खाली न बसता, चौकटीवर हात ठेवून, एकच प्रश्न.

"काल सीट मोकळी हुती. ताप हाय का राग हाय?"

ताप असेल तर गोळ्या आणून देत. शेळ्यांना पाला लागला तर तोडून आणत. एका बाईचे बाळंतपण होईपर्यंत त्यांनी तिच्या घरी दोन महिने पाणी भरले आणि तिच्या नवऱ्याला एका शब्दाने बोलले नाहीत. नवरा स्वतःहून हंडा घ्यायला लागला. राग असेल तर मात्र बसत, चहा घेत, आणि कोणावर राग आहे हे अजिबात न विचारता पीकपाण्याचे बोलून निघून जात. पुढच्या रविवारी तो माणूस येई. मागे बसायला बघे, आणि टकटक.

पंच व्हा म्हणून त्यांना दोनदा विचारले होते. ते म्हणाले, "पंच झाल्यावर बाक पुसता येत न्हाई. बरं दिसत न्हाई ते."

त्यांची एक खोड मला सुरुवातीला कळत नसे. पहिल्या बाकावर, दाराच्या बाजूची एक जागा ते रिकामी ठेवत. चर्च खचाखच भरले, माणसे बाहेर मांडवात बसली तरी ती जागा रिकामी. नाताळच्या प्रीतिभोजनाला पंगत बसली की एक पत्रावळी जास्त मांडत, वाढायला लावत, आणि पंगत उठेपर्यंत कोणी ना कोणी येऊन त्यावर बसेच. रस्त्यावर पंक्चर झालेला ट्रकवाला, शिंगणापूरहून परतणारे आणि गाडी चुकलेले जोडपे, कोणीही. ही काय रीत, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आमदारांची सीट सांगितली.

एसटीत एक सीट विधानसभा सदस्यांसाठी राखीव असते. वर तसे लिहिलेले असते. "तीस वर्सं नोकरी केली, एकबी आमदार चढला न्हाई," कंडक्टर म्हणाले. "आमदार कशाला येतोय एसटीनं. पन सीट राखीव हुती म्हणून मला ती मोकळी ठिवता यायची. खर्ड्याच्या फाट्यावर बाळंतीन चढली, बसवली. मोतीबिंदूचं आपरेशन झालेला म्हातारा चढला, बसवला. शासनाला वाटायचं आमदारासाठी हाय. आसंना का. मोकळी जागा कुनाच्या का नावानं असंना, मोकळी असली म्हंजी झालं."

आता मुख्य गोष्ट. कंडक्टर कबर तयार ठेवत.

आमचे कबरस्तान गावाबाहेर मिरजगावच्या रस्त्याला आहे. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली असा एक थर की त्याला आमच्याकडे नाव नाही, फक्त शिव्या आहेत. पैसे देऊन खोदणारा माणूस आमच्यात ठेवलेला नाही. ज्याचे माणूस गेले त्याच्या भावकीने आणि शेजाऱ्यांनी खोदायचे. पावसाळ्यात ते तीन तासांचे काम. उन्हाळ्यात मारलेली पहार टणकन उलटी येते आणि सकाळी सुरू केलेली कबर व्हायला दिवस मावळतो. कंडक्टरांची बायको चैत्रात गेली होती. तेव्हा ते नोकरीत होते. तिला अंगणात ठेवून ते दिवसभर वाट बघत बसले होते. त्या दिवसाबद्दल ते बोलत नसत. एवढेच म्हणत, "गाडी लागायच्या आधी पाशिंजर उन्हात हुभं करू ने."

म्हणून दरवर्षी पाऊस उघडला आणि मुरूम ओलसर असला की ते एकटे जाऊन एक कबर खोदून ठेवत. रोज सकाळी दोन तास, आठ-दहा दिवस. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, छातीइतकी खोल. वर पत्रा, पत्र्यावर बाभळीच्या काट्या. ती भरली की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू. मंडळीतल्या घरांना याची इतकी सवय झाली की माणूस गेल्यावर लोक फुले, मांडव आणि गाडी यांचेच फोन करत. कबरेसाठी फोन करायचा असतो हे विसरून गेले.

याचा त्रासही होता. एकदा कमिटीच्या अध्यक्षांच्या मेहुण्याची शेळी आत पडली. शिवाय गावात कोणाला दोन दिवस ताप राहिला की घरचे लोक दबक्या आवाजात चौकशी करत, कंडक्टरची कुठवर आली? माझी आई मात्र एकदा मुद्दाम बघायला गेली होती. काठावर उभी राहून आत डोकावून म्हणाली, "लांब काढ की रे जरा. मला पाय पसरून झोपायची सवय हाय."

"आक्का, रिझर्वेशन न्हाई घेत आमी," कंडक्टर खालून म्हणाले. "यील त्याला सीट."

"मग मला हुभीच नेशील."

"तुमाला हुभी न्यायची माझी काय बिशाद हाय."

हायवेच्या कडेला तेव्हा एक कुटुंब पालं टाकून राहत असे. भट्टीवर विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत. कंडक्टर पहारीचे बोथट झालेले टोक त्यांच्याकडून ठोकून आणत, तेवढी ओळख. एका जानेवारीत त्या घरातली म्हातारी गेली. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. मुलगा तिशीचा होता. तो दोन ठिकाणी विचारून आला, दोन्हीकडे जागा नाही असे सांगितले गेले, आणि मग तो कंडक्टरांकडे आला. कंडक्टरांनी मला फोन केला.

"सेक्रेटरी, रजिस्टर घिऊन या. एक नाव लिवायचं हाय."

मी गेलो. पत्रा बाजूला झालेला होता. पाच-सहा माणसे, एक चादर. कंडक्टरांनी आणि मुलाने म्हातारीला खाली ठेवले. त्यांनी त्यांचे काही म्हटले, कंडक्टर टोपी काढून उभे राहिले. माती ओढून झाल्यावर मुलाने मला आईचे नाव सांगितले. आमच्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना सभासद क्रमांकाचा आहे. मी पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. म्हणालो, "कमिटीला विचारून लिहितो."

कंडक्टर तांब्याभर पाणी प्याले, पहार उचलली आणि शेजारीच पुढची आखायला घेतली. मुलगा ते बघत उभा राहिला.

कमिटीची बैठक त्याच आठवड्यात झाली. अध्यक्षांचे खताचे दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण पांढऱ्या कपड्यांत राहिल्यामुळे त्यांना कुठेही बसण्यापूर्वी विचार करावा लागतो. ते म्हणाले, आज एक आला, उद्या रांग लागेल. दुसरे एक पंच म्हणाले, वर्गणी आम्ही भरायची आणि जागा कोणालाही. शेळीचाही विषय निघाला. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण जे सगळ्यांना हवे होते ते कोणालाच बोलून दाखवता येत नव्हते, आणि माझी भाषा चांगली होती.

मी लिहिले: कबरस्तानातील उघड्या खड्ड्यांमुळे लहान मुले व जनावरे यांच्या जीवितास संभवणारा धोका लक्षात घेता, यापुढे प्रत्यक्ष आवश्यकता उद्भवल्याखेरीज कोणीही आगाऊ कबर खोदू नये. त्यात म्हातारीचा उल्लेख नव्हता. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते आणि सगळा ठराव खोटा होता. आयुष्यभर मी मोठ्या लोकांच्या अशा भाषेची टिंगल करत आलो. तशी भाषा लिहायला किती सोपी जाते हे त्या दिवशी कळले. ठराव सर्वानुमते संमत झाला.

प्रत मीच नेऊन दिली. कंडक्टर ओट्यावर बसून पहारीचे टोक दगडावर घासत होते. त्यांनी हात पुसले, ओळीखाली बोट धरून सगळा ठराव वाचला.

"सही कुनाची ही?"

"अध्यक्षांची."

"आन अक्षर?"

"माझं."

"चांगलं हाय अक्षर," ते म्हणाले. कागदाची चौपदरी घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, पूर्वी जिथे बिल्ला असायचा त्या खिशात. "लेखी आलं की पाळायचं. नोकरीत हेच केलं."

दुसऱ्या दिवशी निम्मी झालेली कबर त्यांनी स्वतःच बुजवली. रविवारी दारात उभे होते. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. ते आले, दांडीवर टकटक केली आणि रोजच्यासारखे म्हणाले, "पुढं मोकळं हाय, सेक्रेटरी." रागावले असते तर बरे झाले असते.

आई वर्ष-सव्वा वर्षाने गेली. ठरावानंतर मंडळीतले पहिले मरण तिचेच. मे महिना, पहाटेची वेळ. झोपेतच गेली, त्यामुळे तिच्या मरणाबद्दल तक्रार करावी असे काही नव्हते. बर्फ मिरजगावहून मागवला. सात वाजता मी कबरस्तानात पोचलो. कंडक्टर आधीच तिथे होते, पहार, टिकाव आणि दोन घमेली घेऊन. ते सत्तरीच्या पुढे गेलेले. पत्रा कुठे दिसतो का म्हणून मी सगळीकडे नजर फिरवली. त्यांनी माझा ठराव मोडला असेल, कुठेतरी काट्यांखाली एक जागा लपवून ठेवली असेल, अशी मला आशा होती. इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरी कसलीच आशा धरलेली नाही.

"काका, तयार नाही?"

"न्हाई," ते म्हणाले. "ठराव हाय न्हवं."

त्यात टोमणा नव्हता. ते जागा आखत होते.

जेसीबीवाल्याला फोन केला, तो लांबच्या एका गावी शेततळ्यावर होता. असता तरी दोन कबरींच्या मधून त्याला आत येता आले नसते. आम्ही दोघांनी सुरुवात केली. काळी माती अर्ध्या तासात निघाली आणि मग मुरूम लागला. पहिल्या घावाला पहार माझ्या हातातून उडाली.

"आपटू नका. उचला आन सोडा," कंडक्टर म्हणाले. "ती जड हाय. तिचं काम तिला येतंय."

नऊ वाजता माझ्या हातांना फोड आले, दहाला फुटले. घरून आत्या दर वीस मिनिटांनी फोन करत होती. "झालं का रे? बर्फाचं पाणी उंबऱ्याबाहेर आलंय."  गुडघाभरही खोदून झाले नव्हते. मग कोणी कोणाला कळवले माहीत नाही, पण माणसे येऊ लागली. आधी शेळीवाले मेहुणे आले. मग पाळकसाहेब, मग शाळेतले दोन शिक्षक. अकराच्या सुमारास अध्यक्ष आले, काठावर उभे राहिले, मग पांढरा शर्ट काढून बाभळीला अडकवला आणि बनियनवर आत उतरले. शेवटी आम्ही नऊ जण झालो. दोघे खोदायचे, दोघे माती वर द्यायचे, बाकीचे सावलीत धापा टाकायचे. कंडक्टर वर उभे राहून पाळी बदलत होते. "चला, तुमचा स्टॉप आला, उतरा. दुसरं कोन?" चार वाजता कबर झाली. आईला साडेपाचला नेले. पाय पसरायला जागा होती.

सगळे गेल्यावर आम्ही दोघे तिथल्या लिंबाखाली बसलो. त्यांनी स्वतःचा रुमाल फाडून माझ्या दोन्ही तळहातांना बांधला. मी म्हणालो, "काका, येत्या बैठकीत तो ठराव रद्द करतो. मीच मांडतो."

ते रुमालाची गाठ आवळत होते.

"नको. ऱ्हाऊ द्या."

"का?"

"इतकी वर्सं मी एकटा खड्डा तयार ठिवीत आलो. एकबी माणूस कधी पहार धराया आला न्हाई. यील कशाला, गरजच न्हवती. लोक फुलं घिऊन यायचे, हात झटकून जायचे. मला वाटायचं मी लई करतोय." त्यांनी पहारीचे टोक अंगठ्याने चाचपले. "आज आक्काला नऊ मान्सांनी जागा केली. अध्यक्ष बनियनवर. ठराव रद्द केला की मी परत एकटा खोदीन आन तुमी परत मागल्या बाकावर."

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरमध्ये आईचे नाव लिहायला बसलो. त्याच्या आधी पालातल्या म्हातारीचे नाव राहिले होते, पण मी ते त्या दिवशी टिपून घेतले नव्हते. कंडक्टरांकडे गेलो. त्यांना ते वडिलांच्या नावासकट पाठ होते. सभासद क्रमांकाच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली.

त्यानंतर तीन वर्षे ते होते. या तीन वर्षांत मंडळीत जी माणसे गेली, त्यांच्या कबरी मंडळीने खोदल्या, कधी सहा जणांनी, कधी बारा. कंडक्टर काठावर उभे राहून पाळ्या बदलत. मला वाटते त्या दिवसांत ते समाधानी होते, पण ते खात्रीने सांगता येत नाही. कबरस्तानाच्या वाटेने जाताना एखाद्या मोकळ्या जागेपाशी ते थांबत आणि डोळ्यांनी तिची लांबी-रुंदी घेत, हे मी पाहिले आहे.

होळीच्या आधीच्या एका शनिवारी त्यांनी बाक पुसले, जाजम झटकले. रविवारी आम्ही गेलो तर दारात कोणी नव्हते. लोक आत आले आणि मागच्या बाकांवर बसत गेले. वेळ झाली तरी घंटा झाली नाही. पाळकसाहेब वेदीपाशी उभे होते, आम्ही सगळे मान वळवून दाराकडे बघत होतो. इतक्या वर्षांत ते सगळ्यांच्या घरी विचारायला गेले होते. त्यांच्या घरी जाऊन विचारायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी आणि अध्यक्ष उठलो. वाटेत माझ्या डोक्यात ताप आणि राग एवढेच दोन शब्द घोळत होते, आणि मी मनात सारखा म्हणत होतो, राग असू दे.

दार नुसते लोटलेले होते. खाटेच्या कडेला शर्ट घडी करून ठेवला होता. त्याच्या खिशात चिमटा होता आणि चौपदरी घडीचा कागद होता, घड्यांवर विरलेला.

त्या दिवशी कोणाला फोन करावे लागले नाहीत. उपासना झालीच नाही. लोक चर्चमधून उठले ते घरी जाऊन जुने कपडे घालून कबरस्तानात आले. पहारी चार आणि माणसे वीस-बावीस. दुपारी हायवेच्या बाजूने एक मोटारसायकल आली. दांड्याला पहार बांधलेली होती. पालातल्या म्हातारीचा मुलगा होता. आता त्याचा मुक्काम खर्ड्याकडे होता, चहाच्या टपरीवर कोणीतरी बोलताना त्याने ऐकले होते.  मोटारसायकल उभी केली, आत उतरला आणि खोदू लागला. त्याची पहार आमच्या सगळ्या पहारींपेक्षा चांगली होती. ती त्याने स्वतः घडवलेली होती. त्याच्यामुळे काम तासभर आधी झाले.

कंडक्टरांना आम्ही माती दिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना थोडक्यात आटोपली. लांबली असती तर थांबवायला कोणी नव्हते, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. लोक हातपाय धुऊ लागले. तो मुलगा पाणी प्याला, पहार उचलून माझ्याकडे आला.

"सायेब, पुढची कुठं आखायची?"

"पुढची कसली?"

"तुमच्यात रीत हाय न्हवं," तो म्हणाला. "माझ्या आईच्या टायमाला काकांनी तिला माती दिली, पानी पिलं, आन लगीच शेजारी पुढची आखली. मी बघत हुतो. मला वाटलं तुमच्यात आसंच असतंय."

आमच्यात अशी रीत नव्हती. आमच्यात अशी रीत नसावी असा ठराव होता, आणि तो माझ्या अक्षरात होता. मी अध्यक्षांकडे पाहिले.  अध्यक्ष त्या मुलाच्या पहारीकडे बघत होते. त्यांच्या पांढऱ्या पँटला गुडघ्यापर्यंत मुरूम लागलेला होता.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "साडेसहा फूट ना?"

"साडेसहा," मी म्हणालो. "अडीच रुंद."

मेहुण्यांनी घमेले उचलले. याला सूचक कोणी नव्हता, अनुमोदक नव्हता, आणि माझ्या वहीत त्याची नोंद नाही. मुलाने कंडक्टरांच्या शेजारी पहारीने पहिली रेघ ओढली, आणि निघायच्या बेताने मागे जाऊन उभी राहिलेली माणसे कोणी न सांगता पुढे सरकली.